वाचक विचारतात: दुसऱ्या गाडीचा चिमटा, आपली जुनी गाडी

पावसाळा सरला की वागळे इस्टेटमधल्या माझ्या लेथच्या गाळ्यावर मोटरसायकलचे चिमटे, म्हणजे मागचं चाक धरून फ्रेमवर वर-खाली हलणारे स्विंगआर्म, यायला लागतात. घोडबंदर रोड, मुंब्रा बायपास, ठाणे-बेलापूर रोड, सगळीकडचे खड्डे सोसून आलेले. कुणाचे बुश संपलेले, कुणाचा पाइप खालून कुजलेला. या वेळी टपालातही तोच विषय आहे. बऱ्याच जणांना मूळ स्विंगआर्म काढून दुसऱ्या मॉडेलचा बसवायचा आहे. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आणि हा अंक चिमट्याला दिला. बुश, स्लीव्ह, एक्सल, स्पेसर करणं हे माझं रोजचं काम, त्याच बाजूने उत्तरं देतो.

प्रश्न: काका, माझ्याकडे वडिलांची १९९३ ची यामाहा आरएक्स १०० आहे. चिमट्याचा गोल पाइप डाव्या बाजूला खालून गंजून त्याला भोक पडलंय. ओरिजिनल कुठे मिळेना, आणि एका ठिकाणी होता त्याचा भाव मला झेपणारा नव्हता. कुर्ल्याच्या भंगारातून दीडशे सीसीच्या गाडीचा चौकोनी चिमटा आणलाय. सरळ दिसतो. पण त्याचा पिव्हटचा, म्हणजे फ्रेमला जोडायचा बोल्ट जातो तो, पाइप फ्रेमच्या आतल्या मापापेक्षा ८ मिमी अरुंद आहे, बोल्टाचं भोक २ मिमी मोठं आहे आणि लांबी मूळ चिमट्यापेक्षा साधारण ४० मिमी जास्त भरते. मेकॅनिक म्हणतो, दोन्हीकडे वॉशर टाकून आवळून देतो. बसवू का? (एक वाचक, कळवा)

उत्तर: वॉशर टाकून अजिबात आवळू नकोस. आणि हा चिमटा भंगारवाला बदलून देत असेल तर आधी बदलून आण. अरुंद पिव्हट आणि मोठं भोक या दोन्ही गोष्टी लेथवर सुटतात. जास्तीची ४० मिमी लांबी कुठल्याच लेथवर सुटत नाही. दुसऱ्या मॉडेलचा चिमटा निवडताना लोक उलटं करतात: बोल्ट जातो का ते आधी बघतात आणि लांबी "थोडी जास्त आहे, चालेल" म्हणून सोडून देतात. तू टेप घेऊन जा. पिव्हटच्या भोकाच्या मध्यापासून एक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) खाचेच्या मध्यापर्यंतचं माप आधी घे. ते मूळ चिमट्याशी ४-५ मिमीच्या आत जुळलं, तरच पुढचं बघायचं. शोधायला सुरुवात आरएक्स घराण्यातूनच कर. आरएक्सजी किंवा आरएक्स १३५ चा सरळ, न कुजलेला चिमटा मिळाला तर त्यासारखं दुसरं काही नाही. अर्थात तोही माप घेऊनच उचल.

लांबीला एवढं का महत्त्व, ते आकड्यांत बघ. समज, मूळ चिमटा पिव्हटपासून एक्सलपर्यंत ४०० मिमी आहे आणि नवा ४४०. शॉकअपची खालची जागा पिव्हटपासून तेवढ्याच अंतरावर राहिली, तर चाकाला जाणवणारा स्प्रिंगचा जोर लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. चारशेला चारशेचाळीसने भागून वर्ग केला की ०.८३ येतं. म्हणजे तेच शॉकअप, तीच स्प्रिंग, पण मागची बाजू १७ टक्के मऊ. मागे माणूस बसला की गाडी खाली बसते, खड्ड्यात मडगार्डला टायर लागतो. मग कुणीतरी सांगतो, लांब शॉकअप टाक. त्याने मागची बाजू उचलली जाते. साधारण १३०० मिमी व्हीलबेसच्या (दोन्ही एक्सलमधलं अंतर) गाडीची मागची बाजू २५ मिमी वर गेली, तर पुढच्या फोर्कचा कोन एका अंशाहून किंचित जास्त उभा होतो आणि ट्रेल (हँडलच्या दांड्याची रेषा जमिनीला जिथे टेकते तिथपासून पुढचा टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, ज्याने हँडल स्थिर राहतं) सहा-सात मिलिमीटरने घटतो. आरएक्स मुळात शंभर किलोच्या आसपासची हलकी गाडी. तिचं हँडल आणखी चंचल व्हायला तेवढं पुरेसं आहे. चेनचा हिशोबही आलाच: एक्सल ४० मिमी मागे गेला की चेन ८० मिमी जास्त लागते. आरएक्सला ४२८ नंबरची चेन, तिची एक कडी १२.७ मिमीची, म्हणजे सहा कड्या वाढल्या. त्या सहा कड्या जुन्या घासलेल्या चेनला जोडायच्या नसतात. पूर्ण नवी चेन घ्यावी लागते.

आता पिव्हटकडे ये, कारण लांबी जुळणारा दुसरा चिमटा मिळाला तरी अरुंद पिव्हटचा प्रश्न बहुधा तिथेही येईल.

पिव्हटमध्ये तीन वस्तू असतात. लांब बोल्ट, बोल्टावर बसणारी स्टीलची नळी म्हणजे स्लीव्ह, आणि चिमट्याच्या पाइपात दाबून बसवलेले बुश. बोल्ट आवळला की फ्रेमचे दोन्ही कान स्लीव्हच्या टोकांवर गच्च बसतात. फ्रेम, बोल्ट आणि स्लीव्ह मिळून एकजीव होतात आणि चिमटा त्या स्लीव्हभोवती वर-खाली हलतो. म्हणून स्लीव्हची लांबी फ्रेमच्या आतल्या मापाइतकी हवी. हाताने सरकवून बसेल, हातोडी लागणार नाही, अशी. आणि चिमट्याचा पाइप, बुशच्या कॉलर (टोकाची रुंद कडा) धरून, स्लीव्हपेक्षा एकूण ०.१ ते ०.२ मिमी आखूड हवा. एवढीच मोकळीक.

तुझ्या मेकॅनिकच्या पद्धतीत काय होईल? चिमट्याची स्लीव्ह ८ मिमी आखूड, ती जागा वॉशरच्या थप्पीने भरायची. बोल्ट भोकात २ मिमी सैल. बोल्ट घट्ट आहे तोवर सगळं नुसत्या घर्षणावर धरून राहणार. आठवडाभर ऐरोली पुलाचे सांधे खाल्ले की वॉशर एकमेकांवर घासतात, कडा बसतात, आवळ कमी होतो आणि अख्खा चिमटा बोल्टावर सरकायला मोकळा होतो. मग वळणावर मागचं चाक स्वतःच्या मनाने वळतं. आणि वॉशर कमी टाकून नुसता बोल्ट पिळला, तर फ्रेमचे कान आत ओढले जातात. कानाच्या वेल्डिंगला केसासारखी चीर पडते आणि ती रंगाखाली दिसत नाही. अशा फ्रेम माझ्या गाळ्यावर आल्या आहेत. चिमटा पुन्हा मिळतो रे, तुझ्या वडिलांच्या गाडीची नंबर मारलेली फ्रेम मिळत नाही.

करायचं असं. ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) च्या बारमधून नवी स्लीव्ह करून घे. आतलं भोक आरएक्सच्या मूळ बोल्टाचं, लांबी आरएक्सच्या फ्रेमची, बाहेरचा व्यास बुशला जुळणारा. बोल्ट मूळचाच ठेव. मोठा बोल्ट जावा म्हणून फ्रेमच्या कानाला ड्रिल लावायला कुणालाही देऊ नकोस. बुश फॉस्फर ब्राँझचे कर, कॉलरवाले. दोन्ही कॉलरची मिळून जाडी म्हणजेच तुझा भरून काढायचा ८ मिमीचा फरक, त्यातून ती ०.१-०.२ ची मोकळीक वजा. अशी एका तुकड्यातली कॉलर वॉशरसारखी भरकटत नाही. बुश दाबून बसवला की त्याचं भोक किंचित आवळतं, म्हणून शेवटचं रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) बुश चिमट्यात बसवल्यानंतर मारायचं, आणि दोन्ही बुशमधून एकाच वेळी, म्हणजे दोन्ही भोकं एका रेषेत येतात. ग्रीसची खाच आणि निपल मागून घे. खाडीच्या हवेत कोरडा ब्राँझ बुश फार टिकत नाही.

एक प्रश्न राहतो. दोन्ही कॉलर सारख्या जाडीच्या करायच्या का? ३.९ आणि ३.९? हे आधी ठरवता येत नाही. दुसऱ्या गाडीच्या चिमट्याचा पिव्हट पाइप चाकाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना समान असेलच असं नाही. पुष्कळदा नसतोच, चेनच्या बाजूला जागा करायला तो एकीकडे सरकवलेला असतो. म्हणून आधी तात्पुरत्या रिंगा टाकून चिमटा, चाक, एक्सल सगळं चढवायचं आणि दोरी लावायची. मागच्या टायरच्या मागून घेतलेली बारीक दोरी टायरच्या बाजूला पुढे-मागे दोन ठिकाणी टेकवत पुढच्या चाकापर्यंत ताणायची, दोन्ही बाजूंनी. आरएक्सचा मागचा टायर २.७५ इंची, पुढचा २.५०. म्हणजे हँडल सरळ असताना पुढच्या टायरच्या दोन्ही अंगांना दोरीपासून तीन-तीन मिमीची फट दिसली पाहिजे. एकीकडे सहा आणि दुसरीकडे शून्य दिसलं, तर चाक एका बाजूला आहे. रिंगा अदलाबदल करत फट सारखी कर, ती मापं लिहून घे, आणि मग बुश करायला टाक. हे काम सपाट लादीवर कर, गाडी डबल स्टँडवर, आणि दुसरा माणूस हँडल धरायला हवाच.

चाक मध्यावर आलं की मग चेन. हा क्रम मोडू नकोस. पुष्कळ जण आधी स्प्रॉकेट (चेनचं दात्यांचं चाक) जुळवतात आणि त्यासाठी चाक सरकवतात. चेन सरळ होते, पण गाडी तिरकी पळते. चाक आता हलणार नाही, हलणार ते मागचं स्प्रॉकेट. एक सरळ सळई मागच्या स्प्रॉकेटच्या अंगाला टेकवून पुढच्याकडे बघ. एखाद्या मिलिमीटरचा फरक चालतो. जास्त असेल तर स्प्रॉकेटच्या बैठकीत लेथवर फेसिंग करून, म्हणजे तोंड सपाट कापून, किंवा मागे नीट टर्न केलेली रिंग देऊन तो काढता येतो. चिमट्यावरच्या अॅडजस्टरच्या खुणांवर विश्वास ठेवू नकोस, त्या दुसऱ्या गाडीसाठी मारलेल्या आहेत. चेनचा ढिलेपणा ठरवताना शॉकअप काढ आणि चाक हळूहळू वर उचल. पुढचं स्प्रॉकेट, पिव्हट आणि एक्सल जिथे एका रेषेत येतात तिथे चेन सगळ्यात ताठ होते. त्या जागी थोडी सैल राहिली पाहिजे. नुसत्या स्टँडवर बघून आवळलेली चेन खड्ड्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टला ओढते.

आता टॉर्क रॉड, आणि इथे मी हात जोडून सांगतो. ड्रम ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून ती एका रॉडने चिमट्याला बांधलेली असते. दुसऱ्या चिमट्यावर त्या रॉडचा कान वेगळ्या जागी असतो, कधी नसतोच. असा चिमटा बसवून रॉड तारेने बांधलेली गाडी मी पाहिली आहे. जोरात ब्रेक मारल्यावर ती तार तुटली, तर प्लेट चाकाबरोबर गरगर फिरते, ब्रेकचा रॉड स्वतःभोवती गुंडाळते आणि चाक जागच्या जागी जाम होतं. कान चांगल्या वेल्डरकडून, नीट जाडीच्या पट्टीचा लावून घे. रॉड शक्य तेवढा चिमट्याला समांतर ठेव. दोन्ही टोकांच्या बोल्टांना स्प्लिट पिन किंवा नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला, ढिला न होणारा) नट हवाच.

बाकी किरकोळ पण विसरण्यासारखं: चौकोनी चिमटा रुंद असतो, उजवीकडे सायलेन्सरला लागतो का बघ. शॉकअपचे खालचे बोल्ट मूळच्यापेक्षा बाहेर असतील तर शॉकअप तिरके बसतात, त्यांचे रबर महिन्याभरात फाटतात. मागचे फुटरेस्ट बऱ्याच जुन्या गाड्यांत चिमट्यावरच असतात. तसं असेल तर त्यांची नवी जागा आधी ठरव. आणि साडीगार्ड. ते नुसतं शोभेचं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडल, फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं. तुझी आई मागे बसत असेल तर नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

सगळं जुळल्यावर शॉकअप आणि चेन न लावता चिमटा हाताने वर उचल आणि सोड. बोल्ट पूर्ण आवळलेला असताना तो स्वतःच्या वजनाने सावकाश, न अडखळता खाली यायला हवा. धपकन पडला किंवा मधेच अडकला तर बुश पुन्हा काढायचा. टोकाला धरून डावी-उजवीकडे हलव, काही कळता कामा नये.

प्रश्न: ओरिजिनल चिमटाच कापून सहा इंच लांब करून घेतला तर? माझा मित्र तसं करून देतो म्हणतो. दिसायला भारी दिसतं. (एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर: नको. चिमट्याच्या मधोमध, जिथे वाकवणारा जोर येतो तिथे वेल्डिंगचा सांधा येतो. सांध्याशेजारचं लोखंड उष्णतेने बदललेलं असतं आणि चीर तिथूनच सुरू होते. शिवाय वेल्डिंग थंड होताना ओढून घेतं. आत मजबुतीचा पाइप घातला तरी पिव्हट आणि एक्सल एकमेकांना समांतर राहत नाहीत. वरच्या उत्तरात ४० मिमीने काय होतं ते लिहिलंय. सहा इंच म्हणजे १५२ मिमी.

प्रश्न: सर, मी इंजिनिअरिंगला आहे. माझ्या १०० सीसी जुन्या गाडीला मागे यामाहा एफझेडचा चिमटा, मोनोशॉक (मधोमध एकच शॉकअप) आणि १४० चा टायर लावायचा प्लॅन आहे. कॉलेजच्या फेस्टमध्ये दाखवायचीय. (एक विद्यार्थी, ऐरोली)

उत्तर: तू इंजिनिअरिंगला आहेस म्हणून कागद-पेन्सिल घेऊनच उत्तर देतो. यामाहाने २००८ मध्ये एफझेड १६ आणली तेव्हा तिला १४०/६०-१७ चा टायर मुळापासून दिला. फ्रेम, चिमटा, चेनलाइन सगळं त्या टायरभोवती आखलं. तुझ्या गाडीचा मागचा टायर साधारण ७० मिमी रुंद आहे. १४० चा टायर मध्यरेषेवर ठेवला तर प्रत्येक बाजूला ३५ मिमी वाढतो. तुझी चेन जिथून जाते तिथे टायर येईल. मागचं स्प्रॉकेट बाहेर नेता येईल, पण पुढचं ज्या शाफ्टवर बसतं तो तर इंजिनातून बाहेर येणारा तुकडा आहे. तो तू लांब करणार नाहीस. शेवटी लोक चाक एका बाजूला सरकवतात, आणि मग दोरी लावून बघितली की गाडी दोन वेगवेगळ्या रेषांवर धावताना दिसते.

मोनोशॉकचं आणखी गंभीर आहे. दोन शॉकअपवाल्या गाडीत शॉकअप एक्सलच्या जवळ असतात, त्यामुळे चाकावर आलेला जोर जवळजवळ तेवढाच, दोन भागांत वाटून, सीटखालच्या दोन बिंदूंवर जातो. मोनोशॉक पिव्हटच्या जवळ असतो. चाक तीन इंच उचललं की शॉकअप एक-सव्वा इंच दबतो, म्हणजे त्याच्यावरचा जोर चाकावरच्या अडीच-तीन पट. मागच्या चाकावर १२० किलो भार असेल तर नुसतं उभं असताना ३०० किलोहून जास्त, आणि खड्ड्यात त्याच्या कितीतरी पट. हा सगळा जोर तुझ्या फ्रेमवर ज्या एका जागी येईल तिथे मूळ डिझाइनमध्ये काहीच नाही. तू तिथे पट्टी वेल्ड करशील. पट्टी टिकेल, तिच्याखालची फ्रेमची पातळ नळी टिकेल का, याचा हिशोब करून दाखव. फेस्टसाठी खरोखर काही करायचं असेल तर मूळ चिमटा काढून घासून पुसून आण, पिव्हटला निडल बेअरिंग करू आणि आधी-नंतरचा प्ले (ढिलेपणा) डायल गेजवर मोजून तक्ता लाव. तुझ्या सरांनाही त्यात जास्त रस वाटेल. वेळ काढ आणि गाळ्यावर ये, मी दाखवतो.

प्रश्न: माझ्या बाबांच्या जुन्या मोटरसायकलचा चिमटा मेकॅनिकने दुसऱ्या मॉडेलचा बसवलाय. चालवायला ठीक वाटते. आता रजिस्ट्रेशन संपत आलंय आणि वाशीच्या आरटीओत गाडी दाखवायचीय. अडचण येईल का? (एक वाचक, सानपाडा)

उत्तर: ताई, आधी आरसी काढून बघा. आरसीच्या नमुन्यात व्हीलबेसचा रकाना असतो. दोन्ही एक्सलच्या मध्यांमधलं अंतर टेपने दोन्ही बाजूंनी मोजा आणि त्या आकड्याशी ताडून पाहा. खाचेत एक्सल पुढे-मागे होतो, तेवढा थोडा फरक धरायचा. त्याहून जास्त असेल तर तुमची गाडी कागदावरच्या गाडीपेक्षा वेगळी झाली आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२ए मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगतं. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पहिल्यांदा १५ वर्षांचं असतं, मग पाच-पाच वर्षांनी वाढवायचं. त्या वेळी गाडी तपासली जाते.

म्हणून माझा आग्रह लांबीला आहे. चिमट्याची लांबी, चाकाचं माप आणि ब्रेक मूळचेच असतील तर आरसीवरचा कोणताही आकडा बदलत नाही. तुमचं माप जुळत असेल तर टॉर्क रॉड, साडीगार्ड, फुटरेस्ट जागेवर आहेत ना एवढं बघा, आणि दाखवायला नेण्याआधी आरटीओत लेखी विचारून घ्या. माप जुळत नसेल तर मूळ मॉडेलचा चिमटा शोधून तो परत बसवा. बाबांनी जुना टाकून दिला नसेल, तर माळ्यावर नक्की बघा. त्याला नवे बुश घालून तो पुन्हा उभा करता येतो. विम्याचा दावा करायची वेळ आली तर सर्व्हेअरही हेच सगळं तपासतो.

प्रश्न: आमच्याकडे १९८० च्या दशकातली स्टँडर्ड बुलेट आहे, उजवीकडे गिअरवाली. नव्या बुलेटचा डिस्कवाला चिमटा आणि चाक बसेल का? (एक निवृत्त वाचक, नेरुळ)

उत्तर: साहेब, जुन्या बुलेटच्या बाबतीत एक गोष्ट आधी बघायची: तुमचा मागच्या ब्रेकचा पेडल डाव्या पायाखाली आहे, आणि ब्रेकचा ड्रम चेनच्या स्प्रॉकेटसकट एकाच कास्टिंगमध्ये डाव्या बाजूला आहे. डिस्कवाल्या गाडीचा कॅलिपर, म्हणजे डिस्क दाबून धरणारा भाग, उजवीकडे. म्हणजे चिमटा आणि चाक बदलून काम संपत नाही. डावीकडच्या पेडलने उजवीकडचा ब्रेक चालवायला मास्टर सिलिंडरची (पेडलने ब्रेकचं तेल दाबणारा भाग) जागा, पाइपची वाट, सगळं नवं करावं लागेल. आणि ज्या पायाला इतक्या वर्षांची सवय आहे, त्याला ऐन वेळी काय करायचं ते नव्याने शिकवावं लागेल.

बुलेटला मागे स्विंगआर्म १९४९ पासून आहे, बाकी बहुतेक गाड्या तेव्हा मागे कडक होत्या. तुमच्या गाडीचा मूळ चिमटा जाड, भक्कम आहे. मागचा ब्रेक लागत नाही ही खरी तक्रार असेल, तर ड्रम लेथवर धरून गोल करून घ्या, शूजना नवे लायनर लावा आणि ते ड्रमच्या गोलाईला घासून बसवून घ्या. ब्रेकमध्ये किती फरक पडतो ते बघा, मग डिस्कचा विचार करा. पिव्हटचे बुश आणि त्यांची पिन एकदा काढून बघायला विसरू नका. पिनवर जिथे बुश फिरतो तिथे नखाला पायरी लागली तर पिन बदला. नुसता बुश बदलून ती पायरी जात नाही.

प्रश्न: भंगारातून चिमटा घेताना वाकलेला आहे की नाही हे तिथल्या तिथे कसं ओळखायचं? (एक मेकॅनिक, मुंब्रा)

उत्तर: भाऊ, दोन सरळ सळया सोबत ठेवा. एक पिव्हटच्या भोकातून घाला, दुसरी एक्सलच्या दोन्ही खाचांतून, दोन्हीकडे अॅडजस्टरपासून सारख्याच अंतरावर. मग चिमटा डोळ्यासमोर आडवा धरून मागून पुढे बघा. दोन्ही सळया एकमेकींवर झाकल्या गेल्या पाहिजेत. एकीचं टोक वर आणि दुसरीचं खाली दिसलं तर चिमटा पिळलेला आहे, तो घेऊ नका. गाळ्यावर मी हेच ब्राइट बार, व्ही ब्लॉक आणि डायल गेज लावून करतो, पण डोळ्याला एक-दीड मिलिमीटरचा पीळ सहज दिसतो. त्यानंतर वरून बघा, दोन्ही सळयांमधलं अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजा.

मग गंज. वरचा चकचकीत रंग सोडा, चिमटा उलटा करा. पाणी पाइपात वरून शिरतं आणि खालच्या बाजूला साचतं. म्हणून आपल्याकडच्या गाड्यांचे चिमटे खालून आणि आतून जातात. खालच्या बाजूला, चेनकव्हरच्या आडोशाला, शॉकअपच्या कानाजवळ आणि क्रॉस पाइपच्या वेल्डिंगजवळ छोट्या हातोडीने टकटक करा. चांगल्या पाइपचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा भद्द. रंगाचे फुगे दिसले तर स्क्रूड्रायव्हरचं टोक तिथे दाबा. चेन घासून पडलेली खाच बघा. पिव्हटच्या पाइपात बोट घालून फिरवा: जुना बुश फिरून फिरून पाइपच अंडाकृती झाला असेल तर त्यात नवा बुश दाबून बसत नाही, फिरतो.

शेवटी, रबर बुशवाला चिमटा असेल तर बसवताना गिऱ्हाइकाच्या गाडीचा पिव्हट बोल्ट स्टँडवर, चाक लटकतं ठेवून आवळू नका. रबर बुशमध्ये आतली नळी फ्रेमला घट्ट होते आणि चिमटा हलतो तेव्हा रबर पिळतं. चाक लटकतं असताना आवळलं, तर गाडी जमिनीवर उतरताच रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट हाताने लावा, गाडी दोन्ही चाकांवर उतरवा, सीटवर कुणाला तरी बसवा आणि मग पाना मारा.